कपाटातल्या वह्या

या, असे जवळ सरका. उंबऱ्यात उभं राहून "बरं हाय का मावशी" म्हणायचं आणि पाठ फिरवायची, ही तुमची सवय मला मुळीच आवडत नाही. आज टीचरबद्दल सांगायचंय, ते लांबून ऐकायचं नसतं.

बारामतीकडच्या आमच्या मिशन शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. मी तिथली मावशी. झाडलोट, घंटा, पाणी. निबंध दिला की खडूची बोटं पदराला पुसत त्या म्हणायच्या, "चुका मी काढते. तुम्ही फक्त खरं लिहा."

"घरी कुणाला इंग्रजी येतं?" असं त्यांनी विचारलं की वर्ग हसायचा.

"मग भिता कशाला?"

निबंधाच्या वह्या घरी जात नसत, कपाटात कुलपात राहत. किल्ली माझ्या कमरेला. मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. मी साबणाच्या कागदावरचं इंग्रजी नाव वाचलं, तर म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून चहा थंड झाला की मला इंग्रजीतच ओरडा." चहा त्यांचा रोज थंड व्हायचा. हातात कुणाची ना कुणाची वही असायची.

नववीतली, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीकडची एक मुलगी वसतिगृहात होती. एका शुक्रवारी तिचे वडील आले. टीचर प्रार्थनेला गेलेल्या. माणूस गोड बोलणारा.

"पोरगी काय लिवती, बगू द्या की मावशी. आमाला कुठं इंग्रजी येतंय."

मला मेलीला अभिमान. कपाट उघडून वही दिली. "अक्षर बघा, मोत्यावानी हाय."

त्यांनी खिशातला मोबाइल काढून पानावर धरला. पडद्यावर सगळं मराठीत उतरलं. उभ्याउभ्या ते शेवटपर्यंत वाचत गेले. मला वाटलं, कौतुकानं वाचतायत.

"ह्ये कुणी वाचलंय?"

"अजून कुणीच न्हाय. टीचर उद्या तपासतील."

वही त्यांनी नीट मिटून माझ्या हातात दिली. "गुणाची हाय. दोन दिस घिऊन जातो." पिशवी भरताना पोरीनं माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टीचरनी वही वाचली आणि पायरीवरच बसल्या. पोरीनं लिहिलं होतं, दिवाळीनंतर माझं लग्न लावणार आहेत, वय वाढवून सांग म्हणतात, टीचर, तुम्ही थांबवा.

मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "मावशी, इंदापूरची गाडी किती वाजता आहे?" पोलिसांना फोन करून, वही पिशवीत घालून त्या निघाल्या. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मामाकडं गेल्यात. कुठला मामा, कुणी सांगेना, तशा त्या परतल्या.

चौथ्या दिवशी फाटकाशी दोन मोटरसायकली थांबल्या. "पोरींच्या वह्या कंच्या खोलीत असत्यात?" एवढं विचारून माणसं गेली. त्याच दुपारी टीचरनी कपाट रिकामं केलं. वसतिगृहाच्या चुलीपुढं बसून एकेक वही वाचायच्या आणि आत सारायच्या. कुणी लिहिलंय तेही मला कळू दिलं नाही. मी लाकडं पुढं सरकवत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या रजेवर आहेत, पोरीला शोधतायत. एकदा इंदापूरकडच्या डाळजहून फोन आला, "अजून नाही." दिवाळी होऊन पंधरवडा झाला. आता फोन लागतच नाही.

नवे सर निबंध फळ्यावर लिहून देतात. परवा मी जुळवून जुळवून वाचला: माझे वडील फार प्रेमळ आहेत. साऱ्या वर्गाच्या वह्यांत तेच.

तर परत लवकर या भेटायला. मला आता फाटकाशी एकटीनं बसवत नाही.