दीपगृहाचा कठडा

गेटला गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड लावायला घेतलं की त्या वासाने मला बेटावरचं ते नवं दीपगृह आठवतं. तिथल्या सर्वांत वरच्या सज्जाचा कठडा बाबांनी आमच्या हुडकेश्वरच्या शेडमध्ये वेल्डिंग करून पाठवला होता, आणि खाऱ्या हवेत तो टिकेल का, हा घोर त्यांना वर्षभर होता. शेवटी आम्ही बोटीने बघायला गेलो. वर पोचताच सगळे कठड्याला रेलून पाणी बघू लागले. बाबा गुडघ्यांवर बसून कठड्याच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवत होते. "समुद्र पाहा ना, काहून वाकून राहिले?" आई म्हणाली. "समुद्र सारेच पाहून राहिले वं. जोड मलेच पाहा लागते." मग त्यांनी अंगठा आईसमोर धरला, गंजाचा कणही नव्हता. समुद्र कसा होता ते आता नीट आठवत नाही, तो अंगठा आठवतो.