बिनभेसळीचा थेंब

आमच्या व्याह्याइतका संशयी माणूस औसा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि आमच्या नांदेडात मी तो होऊ दिला नसता. तीस वर्षं दूध संकलनावर काढलेली. दुसऱ्याच्या खिशाला पेन असतो, ह्यांच्या खिशाला लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी पकडायची काचेची नळी. सोयरीक जमवायला पहिल्यांदा आमच्या घरी आले तर ती नळी मठ्ठ्यात बुडवून म्हणाले, "पाव्हणं, ह्यात पाणी हाय." मी म्हटलं, "मठ्ठ्यात पाणी नसतंय तर काय पेट्रोल असतंय?" एकदा देवळात तीर्थ तपासून पुजाऱ्याला म्हणाले, "महाराज, पाण्यात दूध मिसळून राहिले व्हय?" तरी आमच्या पोराला पोरगी दिली. माणूस वाईट नाही.

महिन्यातून एका गुरुवारी एसटीनं लेकीकडे यायचे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पाइपच्या गॅसवर नवा प्रयोग सुरू झाला. इंजिनियर पोरगी घरोघर सांगून गेली, "आजोबा, उन्हाच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढतो अन् पाइपच्या गॅसात थोडा मिसळतो. धूर तेवढा कमी." मी चौथी नापास, पण एका दमात समजलो. चूक एवढीच, की गुरुवारी व्याह्याला सांगितलं. ओठाला लावलेली कपबशी त्यांनी खाली ठेवली.

"पाण्यातून काढलेलं अन् गॅसात मिसळलेलं? मंग भेसळच की वो!"

"चहा उकळला ना?"

"पाणी घातलेलं दूधबी उकळतंयच!"

उठले आणि गेले. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. ह्या गड्याला पाण्याचा गॅस सोसेना. सहा महिने फिरकले नाहीत. मीही फोन केला नाही. आमच्या खानदानात आधी फोन करायची पद्धत नाही. सून मात्र दर गुरुवारी बापाची कपबशी फळीवरून काढायची, पुसायची, परत ठेवायची. तेच वाईट.

शेवटी तिनंच फोन लावला, "बाबा, या अन् पकडून दाखवा. पाणी सापडलं तर उद्या चूल मांडते."

आव्हान म्हटल्यावर पहिल्या गाडीनं हजर. नळी घेऊन शेगडीभोवती फिरले. जाळात बुडवायची कशी, कळेना. तेवढ्यात सुनेनं फ्रिजमधली थंड स्टीलची ताटली क्षणभर जाळावर धरली. ताटलीला वाफ धरली, बारीक थेंब जमले.

"सापडलं! पाणी सापडलं!" व्याही जागच्या जागी नाचले.

"हाव बाबा," सून म्हणाली, "हायड्रोजन जळाला की परत पाणीच होतंय. साध्या गॅसाचंबी थोडं होतंच. त्या इंजिनियर बाई सांगून गेल्यात."

त्यांनी बोटानं थेंब टिपला, जिभेला लावला. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, हे तर निव्वळ पाणी हाय. कायबी मिसळलेलं न्हाई." तीस वर्षांत बिनभेसळीचा माल त्यांना पहिल्यांदा घावला होता. लेकीच्या हातचा चहा दोनदा प्याले.

आता त्यांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. शेवटच्या खेपेला नळी आमच्याच फळीवर कपबशीशेजारी ठेवून गेले. दर गुरुवारी मी ताटली जाळावर धरतो आणि फोन लावतो. होय, आधी मीच.

"निघालं का पाणी?"

"निघालं."

"थेंब किती?"

मी मोजून सांगतो, वर एखादा वाढवतो. एवढी भेसळ चालते.