मागच्या भिंतीचा बाक

ओस पडलेल्या जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढण्यात टेपकाकांची एकतीस वर्षं गेली होती. खोडरबर लोक पळवतात म्हणून ते त्यांनी दोऱ्याने शर्टाच्या गुंडीलाच बांधलं होतं. पण आजच्याइतका संताप त्यांना खोडरबर चोरीला गेल्यावरही आला नव्हता.

"काका, ही मागची भिंत नकाशात सरळ करून टाका," नव्या अधिकारीबाई म्हणाल्या. "अहवालात वाईट दिसते. तसंही मी 'अकुशल बांधकाम' असं लिहिलंय."

काकांचा पारा चढला. "मॅडम, गुडघे सोलवटून तीनदा मोजलीय मी ती! मधोमध वीतभर आत गेलीय. उद्या रस्त्यासाठी इथे बुलडोझर फिरला की हे घर फक्त या कागदावर उरणार. तोही खोटा काढू?"

"अहो, पण वाकडी ती वाकडीच ना?"

"चला!" काका तरातरा भिंतीमागे गेले आणि त्यांनी गवत बाजूला सारलं. बरोबर त्या बाकात झाडाचा जुना बुंधा होता.

"चार घाव घातले असते तर झाड गेलं असतं आणि भिंत सरळ आली असती. त्या गवंड्याने भिंत वळवली. तो अकुशल? बिचारा भांडायलासुद्धा येणार नाही!"

बाई बुंध्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिलीने लिहिलेला कच्चा अहवाल उघडला.

"खोडरबर द्या, काका."

"देणार नाही," काका अजून धुमसतच होते. "इथेच खोडा."

बाईंनी काकांच्या पोटाशी वाकून तो शब्द खोडला.