वर्गात सांगितलेली गोष्ट

खुशाल रामटेके चंद्रपूरच्या कोर्टात वकिली करत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कायद्याच्या कॉलेजात शिकवत. विषय वकिलाची नीतिमत्ता. एरवी या तासाला कोणी फिरकलं नसतं. पण रामटेके सर पुस्तक मिटून कोर्टातल्या गोष्टी सांगत, म्हणून वर्ग भरायचा.

१९८५च्या हिवाळ्यात त्यांनी एक प्रश्न टाकला. एका अशिलाच्या बांधावरचे साग ठेकेदारानं तोडून नेले. संमतीच्या कागदावर अंगठा नंतर घेतला, तारीख मात्र आधीची टाकली. जंगलखात्याच्या चौकीदारानं हे पाहिलंय आणि तो साक्षीला तयार आहे. अशिलानं हे विश्वासानं सांगितलं, तर वकिलानं कुठवर जपायचं?

"मरेपर्यंत, सर," श्रीहरी म्हणाला. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा. सरांनी त्याची पाठ थोपटली.

अशील खराखुरा होता, पोंभुर्ण्याकडचा लालसू. सरांनी नाव-गाव काही उच्चारलं नव्हतं.

महिनाभरात त्या चौकीदाराची, सुकलूची, बदली दूर सिरोंच्याला झाली. साक्षीच्या दिवशी सरांकडे न बघता तो म्हणाला, "मी काई पाह्यलो नाई, साहेब." ठेकेदाराच्या वकिलामागे कागद सांभाळत श्रीहरी बसला होता. तो तिथं कामाला लागलाय, हे सरांना तेव्हा कळलं.

त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं. "काऊन केलंस असं?"

"सर, लालसू माझा अशील नाई, ठेकेदार आहे. आपल्या अशिलाचं हित पाहा, हे तुमीच शिकवलं. अन् मी काई चोरून नाई ऐकलो. तुमीच सांगितलं."



रविवारी सर एसटीनं लालसूच्या गावी गेले. "गोष्ट माझ्याच तोंडून फुटली," त्यांनी सांगून टाकलं.

"मी तं तुमाले एकट्याले सांगतलो होतो, भाऊ," लालसू म्हणाला.

त्याची बायको बायनाबाई दारात होती. "पोराईले काऊन सांगतलं?"

"शिकवायला."

"आमची गोष्ट? आमाले न इचारता?"

लालसूनं कागद परत मागितले. दुसरा वकील केला, तरी दावा गेलाच.

सरांनी तो विषय सोडायची परवानगी मागितली. प्राचार्य म्हणाले, दुसरं कोणी घ्यायला तयार नाही. मग ते पुस्तक उघडं ठेवून ओळ अन् ओळ वाचून दाखवू लागले. वर्ग अर्धा रिकामा झाला.

पुढच्या वर्षी श्रीहरी घरी आला. वकिलीच्या सनदेच्या अर्जासाठी त्याला वर्तणुकीचा दाखला हवा होता. "तुमचीच सही असावी वाटते, सर," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणत होता.

सरांनी दोनदा पेन उचललं. नकाराचं कारण लिहायचं, तर आपलंही नाव त्यात येईल, हे त्यांना दिसत होतं. कोरा कागद त्यांनी परत दिला.

प्राचार्यांनी त्याच दुपारी सही केली.