फाटकापासून वाजवत

आमच्या कँपातली बेंजो पार्टी वाईट वाजवायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यातले लोक गावी गेले की 'सौदीत आमचे कार्यक्रम व्हायचे' म्हणून छाती काढून फिरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काय गर्दी लोटत असेल. गर्दी म्हणजे आम्हीच. अल खफजीच्या बाहेर पत्र्याच्या खोल्या, आणि दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून बसलेले तीस-चाळीस लोक.

बेंजो म्हणजे कोकणात वरातीपुढे वाजतो तो, टाइपरायटरसारख्या बटणांचा. तो वाजवायचा रत्नागिरीकडचा एक म्हातारा पाइपफिटर. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याला पुरतं एकच गाणं येत होतं, हळदीचं. त्यातही तिसऱ्या ओळीला बोट हमखास शेजारच्या बटणावर पडायचं. ढोलकीवर परांची बांधणारा एकजण, पाण्याच्या निळ्या पिंपावर वेल्डर, खुळखुळ्यावर मेसचा स्वयंपाकी. कोणाला गावी मुलगा झाला, वाजवा हळद. फोरमनला कायमचं घरी पाठवलं, वाजवा हळद. तो बिचारा बॅगेवर बसून रडत होता आणि स्वयंपाकी माझ्या कानात म्हणतो, "बघ, कसा रंगलाय कार्यक्रम." एका ईदला समुद्रावर वाजवलं तेव्हा वाळू जाऊन अर्धी बटणं अडकली. फरक कोणालाच कळला नाही.

मी त्यांच्यात बसायचो, पण मनातून हसायचो. मी टाइमकीपर होतो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला निव्वळ अक्षर बरं म्हणून सावलीत खुर्ची मिळाली होती, कामगारांची हजेरी लिहायला. त्या खुर्चीचे उपकार मी रोज मानत होतो आणि रोज सकाळी इकाम्यावरची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याच्या कार्डावरची, तारीख पाहत होतो. मग सौदीकरण आलं. अमुक कामं फक्त सौदींची, असा कागद निघाला आणि त्यात टाइमकीपर होता. इकाम्याचे तीन महिने उरलेले. कार्डावर 'हेल्पर' असा हुद्दा बदलून मिळाला तर राहता येणार होतं, नाहीतर खलास. आणि तो अर्ज पुढे सरकवणारे साहेब रियाधला, ओलायातल्या काचेच्या ऑफिसात. मराठी माणूस. मी फोन केला की "बघू, बघू" म्हणायचे.

एक दिवस त्यांचाच फोन आला. "अरे, तुमच्या कँपात कोणी गावाकडचं वाजवणारं आहे का? बाळाचं बारसं आहे. जरा ऑथेंटिक काहीतरी हवंय."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत होतो.

शुक्रवारी पहाटे पिकअपमध्ये ढोलकी, पिंप आणि ही मंडळी भरून निघालो. चाचाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. रियाधला साहेब राहत त्या कंपाउंडच्या फाटकाशी दुपारी उतरलो, तर चाचा बेंजोचा पट्टा गळ्यात अडकवायला लागला.

"चाचा, इथं नको. आत हॉल आहे, तिथं."

"मुकी वाद्यं घेऊन दारात जायचं? पोराचं बारसं हाय ना, का मयत हाय?"

"हे गाव नाही, चाचा."

"वाजवत नाय गेलो तर काय चोर हाव आपण?"

गावी बेंजो वाजतच दारात येतो, हे मलाही ठाऊक होतं. पण रस्त्यावर वाद्य वाजवण्याची ती जागा नव्हती, ते दिवसही नव्हते. मी हात धरेपर्यंत पिंपावर थाप पडली. हळद सुरू झाली. तिसरी ओळ चुकली. चौकीवाला "खलास, खलास" करत धावला, दोन गाड्या थांबल्या, आणि आतून साहेब आले, जरीचा कुडता घालून. त्यांच्या मागे दोन मुलं इंग्रजीत हसत होती.

साहेबांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू नाल्यातून काहीतरी वर आलंय. मग मला विचारलं, "कोण आहेत हे लोक?"

त्यांना चांगलं माहीत होतं. चौकीवाल्याला ऐकवायला विचारलं होतं. एवढ्या पगाराचा माणूस, पण 'मी बोलावलंय' हे दोन शब्द तोंडातून निघेनात. आणि मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब."

चाचा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने पट्टा काढला. चौकीवाल्याला म्हणाला, "माफ करना भाई, गलत गेट पे आ गए." पिकअप वळली. मी राहिलो. बारशाचं जेवलोही. बासुंदी होती.

महिन्याभरात हेल्परचा इकामा आला. साहेबांनी काम केलं, नाही म्हणणार नाही. कार्ड घ्यायला मी खफजीच्या ऑफिसात गेलो आणि संध्याकाळी कँपावर परतलो, तर फाटकाशी चौघंही उभे. रियाधच्या त्या दिवसाबद्दल तोवर कोणी एक अक्षर काढलं नव्हतं, मीही नाही. ते मला कधी विचारतील याचीच मी वाट पाहत होतो.

"मिळाला?" चाचाने विचारलं.

मी कार्ड दाखवलं. त्याने पट्टा गळ्यात घातला. "चल मग. पुढं हो."

फाटकापासून माझ्या खोलीपर्यंत त्यांनी मला वाजवत नेलं. तीच हळद. पिंप बेताल, खुळखुळा भलतीकडेच. नवऱ्यासारखा मी पुढे चाललो होतो, मान खाली घालून, आणि तिसरी ओळ येण्याआधीच मला तो चुकीचा सूर ऐकू येत होता.