आमेनबाईची माफी

लाँड्रीत तिला सगळे आमेनबाई म्हणत, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं. डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून प्रार्थना करायची. तेवढ्यात कुणीतरी मोठ्याने "आमेन!" म्हणायचं आणि हशा पिकायचा. ती मुकाट्याने जेवायला लागायची.

हॉटेलांच्या चादरी धुणारी ती लाँड्री. भिंती वाफेने ओल्या आणि माणसं कायम तापलेली. तिची धाकटी जाऊ तिथेच इस्त्रीवर होती. दोघी राहायच्याही एकाच घरात.

एकदा मुकादमबाई इस्त्रीचं मोठं मशीन चालू ठेवून फोनवर बोलत बसल्या आणि चादरींचा गठ्ठाच्या गठ्ठा करपला. खापर मेकॅनिकवर फोडायचं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मालकांनी विचारलं तेव्हा आमेनबाईने घडलं ते सांगून टाकलं. मुकादमबाई साध्या धुलाईवर आल्या. जावेला कायम करायचा त्यांनी शब्द दिला होता, तोही बुडाला.

वाचलेला मेकॅनिकही तिच्यावरच उखडला. "माझं वकीलपत्र घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं? आता इथे मला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही."

चादरीची घडी घालायला दोघी लागतात. तिच्या चादरीचं दुसरं टोक कुणी धरेना. हनुवटीखाली कापड दाबून ती एकटीच घड्या घालायची आणि घडी वाकडी झाली की बोलणी खायची. हे सगळं तिने सोसलं.

मग एका दुपारी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, देव एवढा पावतो ना तुम्हाला? मग भाऊजी का हो गेले ऐन तिशीत?"

आमेनबाईच्या तोंडून निघून गेलं, "म्हणूनच तुझी कूस उजवली नाही!"

जावेने इस्त्री बंद केली आणि ती निघून गेली. बाकीच्यांच्या डोळ्यांत मात्र आनंद मावत नव्हता. बाई घसरली होती!

संध्याकाळी तिने चर्चच्या पाळकांना गाठलं. ते म्हणाले, "होतं असं. देवाजवळ माफी मागितलीस ना?"

"बोलले चारचौघांत, आणि माफी देवाच्या कानात सांगून मोकळी होऊ?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती उभी राहिली. "काल मी हिला बोलले ते पाप होतं. तिची चूक नव्हती, माझी जीभ नासकी होती. मला माफ कर गं."

मुकादमबाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा! नाटक, तेही फुकट!"

जावेने डब्याचं झाकण आपटलं. "आधी जखम करायची, मग मलम लावून मोठेपण मिळवायचं. जमतं बाई तुम्हाला!"

त्याच आठवड्यात जावेने चूल वेगळी केली. स्वयंपाकघरात मधोमध कपाट आलं. आमेनबाईने तक्रार केली नाही, लाँड्री सोडली नाही आणि डबा उघडण्याआधी डोळे मिटणंही सोडलं नाही. बरेच महिने दोघींत अवाक्षर नव्हतं.

एकदा कपाटाच्या पलीकडून जावेने विचारलं, "त्या दिवशी खरंच वाईट वाटलं होतं, की लोकांना दाखवायला?"

आमेनबाई भांडं घासायची थांबली. "उठले तेव्हा थोडं दाखवायलाच उठले होते. तुझं तोंड बघितलं, तेव्हा खरं वाईट वाटलं."

"हं," जाऊ म्हणाली. कपाट मात्र हललं नाही.