रंध्याला न जुमानणारा वासा

रंध्याच्या पात्याची धार पुन्हा त्याच जागी तुटली, तेव्हा रामविलासनं रंधा खाली ठेवला आणि हात पुसले.

"सेठ, ये लकड़ी वापस कर दो. ये ठीक नहीं है."

रामविलास माझ्या बोईसरच्या वर्कशॉपमधला सगळ्यात जुना सुतार. कुठल्याही लाकडाला नावं ठेवणारा माणूस नव्हे.

वासा सातपाटीहून आला होता. मासे विकणाऱ्या आशाताईंच्या नवऱ्याची बोट वादळात उलटली आणि नंतर सातपाटीजवळच्याच माहीमच्या किनाऱ्याला लागली. नवरा मिळाला नाही. बोटीच्या तळाचा हा मधला जाड वासा, म्हणजे तिचा कणा, त्यांनी परसात ठेवला होता. वाळवी लागू नये म्हणून दिरानं त्यावर डांबर मारलं होतं. त्याचं त्यांना ओटीवर बसायला बाकडं हवं होतं.

"लोक म्हनतात, झटक्यात गेला," ऑर्डर देताना त्या म्हणाल्या होत्या. "तेवडंच बरं."

लाकूड खरंच अवघड होतं. त्याच्या रेषा वीतभर एकीकडे जात, पुढे उलट फिरत. कुठूनही रंधा मारा, सालपं उपटून यायची. मीठ मुरलेलं असल्यामुळे रंधलेल्या भागावर सकाळी पाणी सुटलेलं असे. हे सगळं समजण्यासारखं होतं. पण मधल्या त्या जागेवरून रंधा गेला की कण्हल्यासारखा आवाज येई. पातं थरथरलं की आवाज होतो, हे मला माहीत आहे. तरी रामविलास दर वेळी मागे वळून बघायचा.

शेवटी मीच रंधा घेतला. आत खिळा असेल म्हणून आधी लोहचुंबक फिरवून पाहिलं. काही लागलं नाही.

मग पातं दगडावर घासलं. धार लागली की पलीकडच्या अंगाला लोखंडाची बारीक कड वळते, बोटाला खरखरते. ती चामड्यावर काढली. नंतर पात्याच्या सपाट बाजूलाही किंचित उतार दिला. त्यामुळे धार लाकडावर जास्त उभी बसते, रेषा उपटत नाही, खरवडत जाते. पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी पार धारेपर्यंत आणली आणि अगदी हलक्या हातानं सुरुवात केली.

कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालपं निघू लागली. आवाज मात्र तसाच. डांबराचा शेवटचा थर गेला आणि खालून बारीक वाळू सांडली. वाळू खाचांमध्ये ठासून बसली होती. तीच धार खात होती.

खाचा सुरीच्या होत्या. जवळजवळ, एका ओळीत. ही बाजू कायम पाण्याखाली असते. तिथे सुरी मारायची तर बोट उलटी हवी, आणि माणूस वर.

रामविलास मागे सरला. बाहेर जाऊन उभा राहिला.

आणखी थोडं रंधलं असतं तर खाचा गेल्या असत्या. मी आशाताईंना फोन केला.

त्या दुपारी मासे विकून, टोपली घेऊनच आल्या. खाचांवरून बोट फिरवत गेल्या.

"त्याचीच सुरी. कमरेला असायची." बोट पुढे सरकलं. "हितं खोल हायत. मग उथळ होत गेल्यात."

ते मी पाहिलं होतं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

"दिरानं डांबर मारताना बगितलं असंल," त्या म्हणाल्या. "बोलला नाय."

"ताई, काढून टाकू का? वरवरच्याच आहेत."

शेवटची खाच नुसता ओरखडा होती. बोट तिथेच होतं.

"नको. धरून हुता ना तो. वरच्या अंगाला ठेवा, दादा."

बाकडं सातपाटीला त्यांच्या ओटीवर आहे. पॉलिश करताना ती जागा आम्ही सोडून दिली. पावसाळ्यात त्या खाचांना अजून पाणी सुटतं, असं त्यांनी मला सांगितलं. मिठानं सुटतं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

धार एकाच जागी पुन्हा पुन्हा जात असेल, तर पात्याला दोष देऊ नये, आधी लाकूड बघावं. नव्या सुतारांना मी एवढंच सांगतो. का, ते सांगत नाही.